सटीचा दिवा आणि उधई

सासऱ्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकवून मी पऱ्हाट्यांची गंजी रचली. ती माझी चूक होती.

गंजी रचण्यात चूक ती काय, असं ज्यांना वाटेल ते माझ्यासारखेच वर्गाच्या चार भिंतींत वाढलेले असणार. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतातून उपटलेली कपाशीची वाळकी झाडं. आमच्या भागात वर्षभराचं जळण तेच. मुळांना शेतातली माती तशीच चिकटलेली असते. शहाणा माणूस ही गंजी खळ्यात रचतो, घरापासून लांब, आणि खाली दगड घालतो. मी ती घराला चिकटवून रचली, जमिनीवर, आणि तीही न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे. वर दोन पावलं मागे जाऊन कौतुकानं बघितलीसुद्धा.

हे का केलं, ते सांगायला हवं. साठ सालाच्या जरा अलीकडची गोष्ट. मी नवापूरला शाळामास्तर होतो. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, शहाद्याच्या अलीकडे तापीकाठच्या एका गावात. उन्हाळ्याची सुटी लागली तसा मी तिला भेटायला गेलो आणि चांगला आठवडाभर राहिलो. आंब्याचे दिवस. जावयाला सकाळ-संध्याकाळ रस. खायचं, पथारीवर पडायचं, उठून शिळा पेपर वाचायचा.

सासूबाई माझ्याशी बोलत नसत. रागावून नव्हे, तशी रीतच होती. जावयासमोर पदर नाकापर्यंत, आणि बोलायचं झालंच तर दुसऱ्या कुणाला तरी. दुसरं कुणी नसलं तर पाण्याच्या हंड्याला. ‘‘जवाईले इचारा, आजून रस वाढू का?’’ हा प्रश्न त्या दाराच्या चौकटीला विचारत, आणि मी चौकटीकडेच बघून ‘‘नको नको’’ म्हणे. चौकट माझं कधी ऐकत नसे. वाटी भरे.

एका दुपारी मला झोप लागली आहे असं समजून त्या स्वयंपाकघरात मुलीशी बोलत होत्या. ‘‘मास्तर जवाई शे,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘रस खास, झोपस, उठीसन पेपर वाचस. तुन्हा नशीबमा काय लिखेल शे, कोन जाने.’’

बायको हसली. ती हसली, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळी माणसं शेतावर गेलेली असताना मी खळ्यातल्या पऱ्हाट्या वाहून आणल्या. बाळंतिणीच्या आंघोळीला पाणी किती तापवावं लागतं हे ऐकून होतो. तिची खोली घराच्या मागच्या अंगाला, खोलीमागे न्हाणी, न्हाणीशेजारी चूल. मग जळण तिथेच हाताशी असलेलं काय वाईट? हातांना ओरखडे आले, धोतर फाटलं, पण गंजी छपराला लागेपर्यंत रचली.

संध्याकाळी सासरे बैलाला धरून मागे आले. गंजीपुढे उभे राहिले. खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. मी शाबासकीची वाट बघत उभा. ते मला म्हणाले, ‘‘बरं शे.’’ मग वळून हातातल्या बैलाला म्हणाले, ‘‘आठे उधई चढी, रे बाबा. पन जवाईले कोन सांगी?’’

उधई म्हणजे वाळवी, आठे म्हणजे इथे. मी हे ऐकलं होतं. पण बैलाला सांगितलेली गोष्ट आपण कशाला मनावर घ्यायची, असं म्हणून रस प्यायला गेलो. आमच्याकडे जावयाचं चुकलं असं तोंडावर म्हणत नाहीत. त्यानं केलेलं त्याच्यादेखत मोडत तर नाहीतच. मी गेल्यावर गंजी हलवायची असं त्यांच्या मनात असणार. पण मी गेलो, नांगरटीची घाई लागली, सासूबाईंनाही जळण हाताशी बरं पडू लागलं, आणि गंजी राहिली. न्हाणीचं पाणी रोज तिच्या बुडाशी मुरत राहिलं.

जूनच्या सुरुवातीला मुलगी झाल्याचा निरोप आला. मी पोचलो तो पाचव्या दिवशी. मुलगी मात्र बघायला मिळाली नाही. बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाय ठेवायचा नाही, आणि बाळंतिणीनंही ती खोली सोडायची नाही. खोलीत बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याचा धूर. मी बाहेरून बायकोला हाक मारली, ती आतून ‘‘ऊनात का?’’ म्हणाली, म्हणजे आलात का. तेवढ्यावर समाधान मानायचं होतं. मुलीचं रडणं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

‘‘कशी दिसते?’’ मी दारातून विचारलं.

‘‘लाल शे,’’ बायको म्हणाली.

दुसरा दिवस सटीचा. सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाट मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि दिवेलागणीला लावलेला दिवा उजाडेपर्यंत विझू देत नाहीत. देवीला लिहायला उजेड नको का? मी माझं शाईचं पेन देऊ केलं. सासूबाईंनी हंड्याला सांगितलं, ‘‘ते गळस. पोरना कपायवर डाग पडी.’’ मी पेन परत खिशात ठेवलं. खिशाला डाग होताच.

दुपारी एक सर येऊन गेली होती. त्यानंतर वारा पडला आणि अंगाला चिकटेल असा उकाडा झाला. पूजेला शेजारच्या बाया यायच्या म्हणून सासऱ्यांनी कुणाची तरी गॅसबत्ती मागून आणली होती. मास्तरला यंत्राची अक्कल असते, या भ्रमापायी ती पेटवायचं काम माझ्याकडे आलं. मी ओट्यावर बसून पंप मारत होतो. बत्ती फसफसून पेटली, पांढरा उजेड अंगणभर पडला, आणि दोन-तीन लांब पंखांचे किडे काचेवर येऊन आपटले. मग दहा-बारा. मग मोजणं राहिलं.

तेवढ्यात आतून बायको किंचाळली, ‘‘माय वं! भितमाईन काय निंघी ऱ्हायनं!’’

भिंतीतून काहीतरी निघत होतं. साप, असं माझ्या डोक्यात आलं. आत माझी बायको, आत माझी मुलगी, अजून न पाहिलेली. पुरुषानं जायचं नाही वगैरे सगळं विसरून मी उठलो आणि आत धावलो. हातात पेटलेली गॅसबत्ती तशीच.

खोलीत साप नव्हता. मागच्या भिंतीला, बरोबर माझ्या गंजीमागे, जमिनीलगत एक चीर पडली होती आणि तिच्यातून उधई बाहेर पडत होती. पंखवाली. हजारो. चुलीतून धूर निघावा तशी ती निघत होती, थांबत नव्हती. आधी ती सटीच्या दिव्याभोवती फिरत होती. मी बत्ती घेऊन आत गेलो तशी सगळी माझ्याकडे वळली, आणि अंगणात होती तीही माझ्यामागून दारातून आत आली. खोलीत हवेपेक्षा पंख जास्त झाले. बाजेवर, गोधडीवर, शेगडीत, सासूबाईंच्या पदरावर, सगळीकडे. शेगडीत पडणारे चर्रचर्र वाजत होते.

‘‘त्यास्ले सांग, बत्ती बाहेर ली जा म्हनो!’’ सासूबाई ओरडल्या. घर उधईनं भरलं होतं, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, तरी हे त्या मुलीला सांगत होत्या. मुलीला कुठली उसंत? ती बाळावर ओणवी झाली होती.

आणि त्या बत्तीच्या उजेडात मी माझी मुलगी पहिल्यांदा पाहिली. लाल. मूठ कपाळावर दाबलेली. ओठांजवळ एक पंख चिकटलेला आणि एक बिनपंखाची उधई गालावरून नाकाकडे चालली होती.

माझं डोकं चाललं. चालायला नको होतं. किडे उजेडाला येतात, हे मी चौथीच्या मुलांना शिकवलेलं होतं. उजेड गेला की किडे जातील. गॅसबत्ती फुंकरीनं विझत नाही. मग हाताशी जो उजेड होता तो मी गाल फुगवून, एका फुंकरीत विझवला.

तो सटीचा दिवा होता.

बायको, सासूबाई, दारात जमलेल्या बाया, सगळ्या त्या विझल्या वातीकडे बघू लागल्या. काय झालं ते न कळलेला त्या घरात मी एकटाच होतो. मग कळलं.

‘‘अव्व माय,’’ दारातली एक शेजारीण हळूच म्हणाली, ‘‘सटीना दिवा विझाडा.’’

सासऱ्यांनी मला दंडाला धरून बत्तीसकट बाहेर काढलं. त्यांनी अंगणाच्या टोकाला परात ठेवली, तिच्यात पाणी ओतलं, मधोमध पाटा ठेवला आणि पाट्यावर बत्ती. उधई खोलीतून निघून तिकडे ओढली जाऊ लागली. काचेवर आपटून पाण्यात पडू लागली. परातीवर पंखांची साय धरली. मी मात्र तिकडे बघत नव्हतो. मी खोलीच्या उंबरठ्याबाहेर उभा होतो आणि आत मिट्ट काळोख होता.

मुलगी रडत नव्हती.

दोन दिवस जी गल्ली डोक्यावर घेत होती, ती रडत नव्हती. नाकात गेली असेल? घशात? ‘‘ती रडत का नाही?’’ मी विचारलं. ‘‘अहो, रडत का नाही ती?’’ आत फक्त फुंकर ऐकू येत होती. सासूबाई बाजेखाली वाकून शेगडीतल्या निखाऱ्यावर वात धरून फुंकत होत्या. निखारा लाल व्हायचा, त्यांचं नाक आणि एक डोळा दिसायचा, परत काळोख. एकदा झालं, दोनदा झालं, वात पेटेना. मी विज्ञान शिकवणारा माणूस, सटवाईबिटवाई काही नसतं असं वर्गात ठणकावून सांगणारा, आणि त्या उंबरठ्यावर मी हात जोडले होते. कुणाला, ते मलाही माहीत नव्हतं.

वात पेटली. बायको करंगळीनं बाळाचं तोंड पुसत होती. मुलगी शिंकली. मग असा काही टाहो फोडला की गोठ्यातली वासरं उठली. मला पायऱ्यांवर बसावं लागलं.

पण सासूबाई बसल्या नाहीत. दिवा पाटावर ठेवताना त्यांची नजर भिंतीवर गेली होती. त्यांनी दिवा उचलून भिंतीजवळ धरला. चिरेपासून मातीची एक नळी बोटभर जाडीची वर चढत गेली होती, भिंतीवरून सरळ छपराच्या तुळईपर्यंत. आणि तुळई बरोबर बाजेवरून गेलेली. धाब्याचं घर ते. तुळईवर कड्या, कड्यांवर वीतभराहून जाड मातीचा थर, आणि तो थर दुपारच्या सरीनं भिजलेला.

सासऱ्यांनी दारातूनच काठी लांब करून तुळईला टोचली. काठीचं टोक आत गेलं. पिठाच्या डब्यात बोट जावं तसं.

‘‘बाहेर काढा त्यांना,’’ मी म्हणालो.

कुणी हललं नाही. बाहेर कुठे काढायचं? अंगणात उधई आणि पावसाची पुन्हा भुरभुर सुरू झालेली. माजघरात देव, धान्य, तिथे सहाव्या दिवसाची बाळंतीण न्यायची नसते. ‘‘सटीना दिवस उंबरठा वलांडानं नही,’’ शेजारीण म्हणाली. ‘‘सटवाई येई आन् खोली रिकामी देखी, मंग?’’

सासरे पडवीत गेले आणि नांगराचा लांब दांडा, हाळीस, घेऊन आले. आता कुठला विटाळ आणि कुठलं काय. आम्ही दोघंही आत शिरलो. त्यांनी दांडा तुळईखाली उभा केला, बुडाशी दगड ठोकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, बैलाकडे न बघता, म्हणाले, ‘‘धरा, मास्तर. हालानं नही.’’

मी धरलं. दोन्ही हातांनी, खांद्यानं, गालानं. डोळ्यांत माती पडत होती. समोर बाजेवर बायको, तिच्या कुशीत ती. वरून करकर असा आवाज आला. अगदी बारीक. मी वाट बघितली. परत आला.

‘‘आवाज येतोय,’’ मी म्हणालो.

सासूबाईंनी वर बघितलं, मुलीकडे बघितलं, दारातल्या बायांकडे बघितलं. मग पाटावरचा दिवा उचलून पदराआड घेतला.

‘‘ऊठ,’’ त्या मुलीला म्हणाल्या. ‘‘पोर उचल.’’

‘‘पन सटवाई?’’ शेजारीण म्हणाली.

‘‘तिले चालाले पाय शेत,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘माजघरमा येई.’’

आणि पुढे दिवा, मागे माझी बायको आणि मुलगी, अशा त्या उंबरठा ओलांडून गेल्या. मागून बाया गेल्या. बाज गेली, शेगडी गेली, पाट गेला. पाटावरचा कोरा कागद तेवढा खाली राहिला. सटवाईनं त्यावर काही लिहिलं नव्हतं, नुसते पंख चिकटले होते.

मीही राहिलो. धरा म्हणून सांगितलं होतं, सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. काळोखात मी तुळई धरून उभा. पंख गळालेली उधई मानेवरून सदऱ्यात शिरत होती, पण खाजवायला हात मोकळा नव्हता. माजघरातून आधी कुजबूज आली, मग भांड्यांचा आवाज, मग बायांचं गाणं. मी दात आवळून छप्पर सांभाळत होतो. माझ्यामुळे हे घर उभं आहे, असंही मला मधून मधून वाटत होतं.

सासरे दुसरा टेकू घेऊन आले तेव्हा कंदील माझ्या तोंडाजवळ धरून बघतच राहिले.

‘‘आजून धरी ऱ्हायनात का?’’

‘‘तुम्हीच म्हणालात.’’

त्यांनी वाकून मला बुडाशी ठोकलेला दगड दाखवला. दांडा केव्हाचा स्वतःच्या बळावर पक्का उभा होता. मी सोडला. काही पडलं नाही.

तुळई पडली ती नंतर, धाब्यावरची माती उतरवून तिला खाली घेताना. दोराला लटकलेली असतानाच मधून मोडली. आतून सगळी मातीनं भरलेली, लाकूड नुसतं वरच्या सालीएवढं. मोडलेले तुकडे बाज होती त्याच जागी पडले.

सासरे भला माणूस. भिंत उकरून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, हे वारूळ काही महिन्याभराचं नव्हे, पंखवाली उधई व्हायला वर्षं लागतात, ती आधीपासून भिंतीत होतीच. मी ते वाक्य उचललं आणि दिवसभर भेटेल त्याला ऐकवत फिरलो. शेवटी सासूबाईंनी पाण्याच्या हंड्याला विचारलं, ‘‘उधई जुनी व्हती. पन तिले वर जावाले रस्ता कोनी दिन्हा?’’

गंजी मी एकट्यानं परत खळ्यात नेली. कुणी ‘‘ऱ्हाऊ द्या, पाव्हना’’ असं म्हटलं नाही.

पण तुळईपेक्षा मला दिव्यानं जास्त छळलं. तुळई उतरली होती. दिवा विझला तो विझलाच. मुलीला उचकी लागली, दिवा. मुलगी जास्त वेळ झोपली, दिवा. दूध ओकली, दिवा. मी ओट्यावर बसून आतला प्रत्येक आवाज ऐकत होतो. दाराआडून बायकोला विचारलं, ‘‘शेगडीतल्या निखाऱ्यावर परत लावलेला दिवा तोच धरतात की दुसरा?’’

‘‘तुम्ही मास्तर शेत ना?’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हीच सांगा.’’

सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. त्या माझ्यासमोरून जात तेव्हा पदर आणखी खाली येई. माजघरात बाळंतीण नेल्याबद्दल गल्लीत त्यांना कोण काय बोललं, ते मला कधी कळलं नाही. पण बोलले असणार. बारशापर्यंत त्यांनी हंड्यालाही फारसं काही सांगितलं नाही. मुलीच्या कपाळावर मात्र येता-जाता हात ठेवत. ताप बघत होत्या की लिहिलेलं वाचत होत्या, कोण जाणे.

बाराव्या दिवशी बारसं झालं. मुलगी न्हाऊमाखू घालून, काजळ लावून बाहेर आणली. पाळण्याभोवती बाया जमल्या. मला दारात उभं राहायची परवानगी होती. बाया आळीपाळीनं वाकून बघत होत्या. डोळे आईचे. रंग आजीचा. हनुवटी कुणाची यावर जरा वाद झाला. मग ती शेजारीण वाकली, एकदा मुलीकडे बघितलं, एकदा दारात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘पन हाई नाक?’’

सगळ्या बाया माझ्या नाकाकडे बघू लागल्या. माझं नाक मोठं आहे. मी ते रुमालानं पुसायचं निमित्त केलं.

सासूबाई पाळण्याची दोरी सोडून उभ्या राहिल्या. पदर कपाळापर्यंत मागे सारला. चौकटीकडे नाही, हंड्याकडे नाही, लग्नानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘दिवा तुम्हीन विझाडा, जवाईबापू. सटवाईनं अंधारमा लिखं, म्हनीसन पोरले तुम्हनं नाक बसनं!’’